थांबता न येणारा वाद्यवृंद

हौशी लोकांकडून गाणं-वाजवणं बसवून घेणं हे मी जन्मभर केलं. शाळेत संगीताची बाई होतेच, पण शाळा सुटली तरी माझी सुटका नसायची. बँकेतल्या लोकांचं समूहगान, कॉलनीतल्या बायकांची नवरात्रातली गाणी, डॉक्टरांच्या संमेलनातला कोरस, सगळ्यांपुढे हात हलवत मीच उभी. त्यात डॉक्टर सगळ्यात अवघड. सूर चुकला असं सांगितलं की ते शेजारच्या डॉक्टरकडे बघतात, आणि शेजारचा मान हलवून सांगतो, ठीक आहे, काळजीचं कारण नाही.

हौशी माणसांची पंचाईत अशी, की ती आपल्या खुशीने आलेली असतात, त्यामुळे त्यांच्यावर ओरडता येत नाही. मी तर मूळची तापट. ओरडल्याशिवाय माझा घसाच मोकळा होत नाही. तरी लोक पुन्हा पुन्हा यायचे, आणि मीही कुणी बोलावलं की पदर खोचून निघायचे. एकेकट्याला जे जमत नाही ते सगळ्यांना मिळून जमलं, की लोकांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो बघायची मला चटकच लागली होती.

मी निवृत्त झाले तेव्हा नवऱ्याला वाटलं, आता घरात शांतता नांदेल. तो पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे धरणाचे दरवाजे उघडले तरी माझ्यापेक्षा कमी आवाज होतो. मी थोडे दिवस खरंच गप्प बसले. मग एका सकाळी पेपर वाचताना म्हणाले, आपल्या शहरात शहराचा असा वाद्यवृंद नाही.

"नाहीच आहे," तो म्हणाला, "आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही."

त्याच दिवशी मी ओळखीच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकलं, की ज्यांच्या घरात कुठलंही वाद्य कपाटावर धूळ खात पडलंय, त्यांनी ते पुसून रविवारी सकाळी उस्मानपुऱ्यात यावं. वाजवता येत असल्यास उत्तम.

उस्मानपुऱ्यात एका शिकवणीवर्गाचा हॉल रविवारी रिकामा असायचा. भिंतीवर विज्ञानाचे तक्ते, आणि खाली बाकांवर आम्ही. छावणीतल्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं व्हायोलिन वाजवणाऱ्या एक निवृत्त नर्स आल्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणायला लागले. वाळूजच्या कंपनीत पाळीवर जाणारा आणि जयंतीच्या दिवसांत भीमगीतांच्या कार्यक्रमात ढोलकी वाजवणारा एक जण आला. भजनी मंडळातले पेटीवाले काका आले. कॉलेज संपल्यापासून भिंतीला टांगलेल्या बऱ्याच गिटारी आल्या आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे टक्कल पडलेले मालक आले.

आणि बँडवाले आले. चातुर्मास लागला होता. चातुर्मासात लग्नं नाहीत, आणि लग्नं नाहीत म्हणून बँडवाले घरी. आमच्या ढोलकीवाल्याने त्यांना गाठलं, तर एका बँडची अर्धी पलटणच दारात उभी. सगळ्यांत पुढे त्यांचे मास्तर. साठीच्या घरातले, शिडशिडीत, मिशांना काळा रंग, बगलेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला ट्रम्पेट. ते खुर्चीकडे जरा संशयाने बघत उभे राहिले.

"बसून वाजवायचं, मॅडम?" त्यांनी विचारलं. "पंगतीला बसल्यावानी?"

"हो. वाद्यवृंदात बसूनच वाजवतात."

"आमी जल्मभर चालत वाजवू राहिलो," मास्तर म्हणाले. "बसलं की फुंक कुठून काढावी तेच कळंना बघा." पण बसले. पाठ ताठ, गुडघे जुळवलेले, बँकेत कर्ज मागायला बसावं तसे.

पहिल्याच तालमीत मला आमच्या वाद्यवृंदाचा खरा आजार कळला. सुरुवात सगळ्यांना येत होती. थांबणं कुणालाच येत नव्हतं. म्हणजे प्रत्येकाला येत होतं, पण आपापल्या घरचं. भजनी काका शेवटाकडे लय वाढवत वाढवत एकदम टिपेला जाऊन थांबायचे. सिस्टर चर्चच्या सवयीने शेवट लांबवत, हळू करत, जणू दिवा मालवायच्या. निवेदक माईकवर बोलायला लागेपर्यंत ढोलकीवाला थांबायचा नाही. आणि बँडवाले तर थांबायचेच नाहीत. त्यांच्या धंद्यात गाण्याला शेवट नसतो. वरात मांडवाला पोचेपर्यंत मुखडा, पुन्हा मुखडा, पुन्हा मुखडा. मी त्यांना सांगितलं, मी मूठ मिटली की बंद. मूठ मिटली. कुणी बघितलंच नाही. भजनी काकांचे डोळे मिटलेले, सिस्टर कागदात, गिटारवाले स्वतःच्या बोटांकडे बघतायत. बँडवाले माझ्या डोक्यावरून पलीकडे दाराकडे बघत होते. मी ओरडले. ट्रम्पेटपुढे माझं ओरडणं म्हणजे काय! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्यापेक्षा मोठा आवाज भेटला.

असं कितीतरी रविवार चाललं. त्यात दांड्या वेगळ्याच. आमच्या गावात दांडीला एकच कारण पुरतं, आज नळाला पाणी आलंय. त्यावर मीही काही बोलू शकत नव्हते, कारण आमच्या गल्लीत पाणी यायचं त्या दिवशी मीच तालीम अर्ध्यात टाकून पळायचे.

तशाच एका रविवारी नवरा मला घ्यायला आला. पाणी आलं होतं, आणि मोटर लावायची कुणी यावरून आमच्यात फोनवर आधीच खडाजंगी झाली होती. आमचं वाजवणं चालू होतं म्हणून तो माझ्या मागे दाराशी एका खुर्चीवर बसला. आणि काय झालं कुणास ठाऊक, बँडवाल्यांच्या वाजवण्यात एकदम जीव आला. लय धरली, सूर भरला, मास्तरांची पाठ सैल झाली. बाकीचेही त्यांच्यामागे ओढले गेले. मी मनात म्हटलं, आली, माझी मेहनत फळाला आली. तेवढ्यात नवरा घड्याळ बघून उठला, आणि सगळे बँडवाले एका झटक्यात थांबले. त्यांच्या धक्क्याने बाकीचेही थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सायेब उठले ना," मास्तर म्हणाले. "नवरदेव घोड्यावरून उतरला की बंद करायचं असतं."

मी मागे वळून बघितलं. नवरदेव स्कूटरची किल्ली शोधत होता.

मग कळलं. बँडवाल्यांना वाजवायला समोर कुणीतरी लागतो, ज्याच्यासाठी वाजवायचं असा. जन्मभर त्यांनी नवरदेवाकडे बघून वाजवलं होतं. पुढच्या रविवारपासून नवऱ्याची नेमणूक झाली. माझ्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि मी खुणावलं की उठायचं. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही कामात त्याने एवढा रस घेतला नव्हता. फेटा बांधू का, म्हणाला. मी नको म्हटलं तर एका रविवारी बांधूनच आला. सगळा वाद्यवृंद माझ्या नवऱ्याच्या उठण्याकडे डोळे लावून वाजवायचा. मी मध्ये उभी राहून हात हलवायचे ते केवळ व्यायाम म्हणून. जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू. पण आम्ही थांबायला लागलो होतो.

तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची लग्नं सुरू झाली. बँडवाले गेले. हॉल एकदम ओकाबोका वाटायला लागला. मास्तरांनी जाताना सांगितलं होतं, पौषात मुहूर्त नाहीत, पौष लागला की आलोच. म्हणून आमचा पहिला कार्यक्रम आम्ही पौषातच ठरवला, एका शाळेच्या पटांगणात, रविवारी संध्याकाळी. पत्रिका छापल्या.

पौष लागला तसे मास्तर आले. पण त्यांचा एक गाल सुजलेला होता. तालीम संपल्यावर ते मागे थांबले, ट्रम्पेट टॉवेलमध्ये गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत.

"दाताच्या डाक्टरनं सांगितलं, पुढचे समदे काढावं लागतेत," ते म्हणाले. "हिरड्या गेल्या म्हनला. जल्दी काढा, नायतर लई वाढंल."

"मग काढा ना! थांबलात कशाला?" मी लगेच तापले.

"दात गेले की फुंक धरत नाय, मॅडम. कवळी लावून कोन ट्रम्पेट वाजवतं?" ते जरा हसले, सुजलेल्या बाजूने नाही, दुसऱ्या. "कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी काढतो म्हनलं डाक्टरला. एकदा खुर्चीवर बसून, लोकायसमोर तोंड करून वाजवायचंय. आन् मपल्या कारभारनीनं ऐकावं. तिनं कधी ऐकलंच नाय."

मला खरंच वाटेना. बँडच्या मास्तरांच्या बायकोने नवऱ्याचं वाजवणं ऐकलेलं नाही? पण ते खरं होतं. त्या दोघांचं घर पाचोडला. मास्तर लग्नं वाजवत मराठवाडाभर फिरणार, आणि त्या पाचोडच्या आठवडी बाजारात मिरची विकणार. आमच्या तालमीचा आणि त्यांच्या बाजाराचा दिवस एकच.

"त्या येतील का?" मी विचारलं.

"नाय म्हनली. आधी दात काढा, मंग बोला म्हनली."

मला राग आला तो नक्की कुणाचा हे मला आजही सांगता येणार नाही. पण पुढच्या रविवारी सिस्टरच्या हाती तालीम सोपवून मी नवऱ्याला स्कूटरवर नव्हे, गाडीत बसवलं आणि पाचोड गाठलं. बाजारात विचारत विचारत गेलो. लाल मिरचीचे ढीग, आणि मागे एक बुटक्या, ठसठशीत बाई, डोक्यावर पदर, समोरच्या गिऱ्हाइकाला दटावत होत्या. मी नाव सांगायच्या आधीच शिंकायला लागले.

"तुमी त्या बाजावाल्या मॅडम व्हय?" त्यांनी विचारलं. "त्यायला सांगा, आधी दात काढा म्हनावं. भाकर दुधात कुस्करून खाऊ राहिले. रातभर कन्हतेत. माझं ऐकत नाईत. तुमचं ऐकतीन."

"माझं कुणीच ऐकत नाही," मी म्हटलं, आणि नवऱ्याने मागून जोरात मान हलवली. "ते म्हणतात, तुम्ही त्यांचं वाजवणं कधी ऐकलं नाही."

"कधी ऐकावं?" त्या म्हणाल्या. "लोकाच्या लग्नात बिगरबोलावता जाऊ का? बँडवाल्याच्या बायकूला पत्रिका कोन देतं? आमच्या लग्नात ते घोड्यावर, वाजवनारे दुसरेच. घरी आले की व्हट सुजेल असतेत, जेवतेत आन् निजतेत. मला त्यायचा आवाज म्हाईत हाय तो घोरन्याचा."

मला एकदम भरून आलं. हसूही येत होतं आणि शिंकाही येत होत्या. मी पिशवीतून पत्रिका काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आधी लुगड्याला हात पुसले, मग पुन्हा पुसले, कारण मिरची एका पुसण्यात जात नाही, आणि पत्रिका दोन बोटांनी कडेला धरून बघत राहिल्या.

"खुर्ची राहीन का?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या रांगेत," मी म्हटलं.

निघताना त्यांनी आमच्या पिशवीत मूठभर मिरची टाकली आणि परत बजावलं, दात काढायला सांगा.

कार्यक्रमाच्या दिवशी पटांगण भरलं. घरातला एक वाजवणारा असला की त्याच्या मागे अख्खी गल्ली येते, हे हौशी लोकांचं एक बरं असतं. पहिल्या रांगेत मधोमध फेटा बांधून माझा नवरा. त्याच्या शेजारी मास्तरांच्या बायको, इरकल नेसून, मांडीवर पत्रिका. बाजार अर्ध्यात आवरून त्या एसटीने आल्या होत्या. मास्तर त्यांच्याकडे बघतच नव्हते. खुर्चीवर ताठ बसून समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होते.

सुरुवात झकास झाली. नवरा वेळेवर उठत होता, आम्ही वेळेवर थांबत होतो, मागे बसलेल्या लोकांना वाटत होतं की हे काका फार उत्साही आहेत, प्रत्येक गाण्याला उठून दाद देतात. सिस्टरच्या व्हायोलिनला ढोलकीने अशी साथ दिली, की टक्कल पडलेले गिटारवाले स्वतःचं वाजवणं सोडून ऐकत बसले. मी त्यांच्यावर डोळे वटारले. त्यांनी ते बघितलं नाही.

मग मास्तरांची पाळी. पाठवणीची एक चाल त्यांनी निवडली होती, त्यांच्या वडिलांकडून आलेली, कुणाची ते कुणालाच माहीत नाही. मुलगी सासरी निघते तेव्हा बँड ती वाजवतो, गाडी नजरेआड होईपर्यंत. आमचं ठरलं होतं, दोनदा घ्यायची, मग नवरा उठेल, बास.

पहिला सूर लागला आणि पटांगण गप्प झालं. सुजलेल्या गालाचा माणूस, दुखऱ्या दातांवर पितळ टेकवून, इतकं हळुवार वाजवू शकतो यावर माझा विश्वास बसेना. वरातीत हा आवाज गोंगाटात बुडून जातो. इथे तो एकटा होता. समोरच्या बायकांनी सवयीने पदर डोळ्यांना लावले. मास्तरांच्या बायकोने नाही लावला. त्या पुढे झुकून, तोंड किंचित उघडं ठेवून बघत होत्या, जणू नवऱ्याच्या जागी कुणी अनोळखी माणूस बसला आहे आणि तो कोण ते त्या ओळखू पाहतायत.

दोनदा झालं. नवरा उठला. मास्तरांनी पुन्हा मुखडा घेतला.

नवरा बसला, पुन्हा उठला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, बसा की खाली, दिसंना!" हशा पिकला. मास्तर वाजवत होते. त्यांचे डोळे आता मिटलेले होते. सूर जरा फाटायला लागला होता, तरी वाजवत होते. तेव्हा मला समजलं. हा ट्रम्पेट एकदा ओठांवरून खाली आला की परत वर जाणार नव्हता. उद्या सकाळी दात निघणार होते. मग ते थांबतील कशाला?

सिस्टरने हळूच व्हायोलिन उचललं आणि खालचा सूर धरला. ढोलकी आली. पेटी आली. सगळे पाठवणीच्या चालीत शिरले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. इतके महिने ज्यासाठी मी घसा फोडला, ते त्या दिवशी झालं. सगळा वाद्यवृंद माझ्या हाताकडे बघत होता, आणि मला मूठ मिटवत नव्हती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मास्तरांच्या बायको उठल्या. कुणाला काही न विचारता पायऱ्या चढून त्या मंचावर आल्या. लग्नघरात बँडच्या मास्तरांना थांबवायची एक रीत आहे. घरातलं मोठं माणूस पुढे येतं, त्यांच्यावरून नोट ओवाळतं आणि हातात देतं. मग मास्तर कितीही रंगात असोत, थांबतात. त्या घरच्या मानाला थांबतात. बाईंनी कमरेची पिशवी सोडली, एक नोट काढली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि नवऱ्याच्या डोक्यावरून, ट्रम्पेटवरून ती सावकाश ओवाळली. मिरचीच्या वासाने मास्तरांनी डोळे उघडले असावेत.

"बास करा आता," त्या म्हणाल्या. "म्या ऐकलं."

मास्तरांनी तो सूर पुरा केला आणि ट्रम्पेट खाली घेतला. मी मूठ मिटली. सगळे थांबले, ढोलकीचे दोन ठोके तेवढे मागे राहिले. मी सगळ्या लोकांदेखत रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. मास्तरांनी बायकोच्या हातातली नोट घेतली, कुठल्याही लग्नघरची घेतात तशी कपाळाला लावली आणि खिशात ठेवली.